वरच्या रस्त्याची गाडी

पिकअप आली तेव्हा ती स्वतःच्या पायांनी आली नाही. बालाघाटकडच्या एका खाणीने लिलावात काढलेली ती गाडी ट्रॅक्टरला साखळीने बांधून आणली होती. कुडव्यातल्या घरासमोर वरात थांबली तेव्हा शांतीबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. गाडीला एकच दिवा होता, दारं नव्हतीच, आणि ड्रायव्हरच्या जागी कोणीतरी पोतं कोंबलं होतं.

"हे काय आनलं जी?"

"गाडी हाय," यादोराव म्हणाला. "चारही चाकं ओढतेत हिची."

"आता तं एकही ओढून नाही राहिलं."

यादोराव हसला. कितीतरी महिन्यांनी हसला, म्हणून शांतीबाई वाद न घालता सूप घेऊन आत गेली.

यादोराव मूळचा अर्जुनीकडचा, जातीने कोहळी. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवायला तलावांच्या पाळी बांधल्या गेल्या. हा मात्र विशीत हिमालयातल्या रस्त्यांच्या खात्यात लागला आणि सव्वीस वर्षं तिकडंच राहिला. डोझर चालवायचा, उन्हाळा लागला की घाटातला बर्फ कापायचा, दरड कोसळली की ती ढकलायची, आणि डोझर बिघडला तर तिथंच, त्या वाऱ्यात बसून दुरुस्त करायचा. वर्षातून एकदा महिनाभर घरी. त्या महिन्यातले पहिले दहा दिवस पोरगी रीता त्याला ओळखायची नाही आणि शेवटचे दहा दिवस त्याच्या पाठीवरून उतरायची नाही. बाकीचं वर्ष शांतीबाईचं एकटीचं. रोवणी, कापणी, सासऱ्याचं दुखणं, रीताची शाळा. बाया विचारायच्या, नवरा कुठं असते? ती म्हणायची, "सवतीकडं. बर्फाची सवत हाय मायी."

निवृत्तीनंतर त्यांनी गोंदियाजवळ कुडव्याला घर बांधलं. रीता लग्न होऊन तिरोड्याला गेली. आता दोघंच. शांतीबाईला वाटलं होतं, आता माणूस घरी आला. पण तो आला आणि आलाच नाही. संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसायचा. सगळीकडं धानाच्या बांध्या, सपाट, पार आभाळ टेकेपर्यंत.

"काय पाहून राहिले?" तिनं एकदा विचारलं.

"काहीच नाही. इथं नजर टेकवाले काही नाहीच ना."

तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी. मी हाय ना इथं, असं ओठांवर आलं होतं, ते तसंच ठेवून ती खाली उतरली.

त्याचं म्हणणं असं होतं की ही गाडी अशी बांधायची, की महिनोन्‌महिने कोणाच्या दारात जायला नको. जिथं रस्ता संपेल तिथंही जाईल. मागं झोपायला जागा, पाणी, चूल. शांतीबाईला घेऊन तिकडं जायचं, वर, जिथं तो राहिला होता.

"तुमी घरी याव म्हनून मी सव्वीस वर्ष वाट पाहली," ती म्हणाली. "तिकडं जावासाठी नाही पाहली."

दोन गल्ल्या सोडून घनश्यामचं वर्कशॉप होतं. घनश्याम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायचा, बोलायचा हिंदीत. दोघांनी मिळून गाडी पार हाडांपर्यंत उघडी केली. गंजलेली चासी घासली, जिथं भेग होती तिथं पट्टी टाकून वेल्डिंग केलं. ओझं पेलावं म्हणून चाकांवरच्या कमान्यांत पाटे वाढवले. डिझेलची दुसरी टाकी बसवली. पुढच्या बंपरवर तारेचा मोठा रोळ आला. गाडी फसली तर तार झाडाला बांधायची, रोळ फिरवायचा, गाडी आपली आपण बाहेर येते. मागं लोखंडी खोली उभी राहिली, बसकी, एका बाजूला लहानशी खिडकी.

शांतीबाई चहा नेऊन द्यायची आणि लगेच परतायची. एक दिवस मात्र परतली नाही. मागच्या दाराकडं पाहत उभी राहिली.

"इतक्या वर मी चढू कशी? मायं गुडघं का डोझरचं हाय?"

घनश्यामने वेल्डिंगचा चष्मा वर केला. "बात तो सही है भाभी की."

मग घडीची पायरी झाली. मग चुलीची जागा बदलली, कारण दाराजवळच्या चुलीवर वारा येणार हे त्या दोघा पुरुषांच्या डोक्यात आलंच नव्हतं. डबे पडू नयेत म्हणून फळ्यांना कठडे लागले. गादीचं माप तिनं घेतलं. असं करता करता ती दुपारी भांडी आवरली की घरासमोर आणून लावलेल्या गाडीत जाऊन बसायला लागली. खिडकीतून तीच गल्ली दिसायची, समोरच्या पुष्पाबाईच्या वाळत घातलेल्या साड्या, तोच हातपंप. पण त्या चौकटीतून ते सगळं दुसऱ्याच कुठल्या गावचं वाटायचं, आणि आपण तिथून नुसत्या चाललो आहोत असं वाटायचं. पन्नाशी उलटलेल्या बाईला असं वाटावं याची तिला लाज वाटली. तरी ती रोज बसायची.

पावसाळ्यात नागरा गावाच्या पलीकडं बांध्यांमधल्या चिखलात त्यांनी मुद्दाम गाडी घातली. ती फसली, आणि आंब्याला बांधलेल्या तारेवर स्वतःला ओढत बाहेर आली. चिखलाने माखलेला यादोराव लहान पोरासारखा ओरडला. "पाहलं? पाहलं का?"

त्यानंतर पंधरवड्यातच वर्कशॉपमध्ये स्टेपनी उचलताना त्याच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं. जीव वाचला. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, गाडीचा फोटोही पाहिला, आणि मग म्हणाला, "काका, फिरा. भरपूर फिरा. गाडीही चालवा थोडी. पण सात हजार फुटांच्या वर नाही. तिथली हवा तुमच्या हृदयाला पुरणार नाही."

यादोराव जिथं राहिला होता, ती जुनी छावणी दहा हजारांच्याही वर होती.

घरी आल्यावर गाडीवर ताडपत्री पडली. यादोराव गच्चीवरही जाईना. घनश्यामने चाचरत सांगितलं, तिरोड्याचा एक ठेकेदार गाडी विकत मागतोय. "दे," यादोराव म्हणाला, पलंगावरून मान न वळवता.

"नाही देत," शांतीबाई म्हणाली. "गाडी मायी हाय."

"तुले चालवता येते का?"

"शिकवा."

कुडव्याच्या बाहेर न विकलेल्या प्लॉटांची मोकळी जागा होती. रोज सकाळी तो शेजारी बसायचा आणि ती स्टेअरिंगला लोंबकळायची. गाडी उड्या मारायची, बंद पडायची. "क्लच! क्लच हळू सोड!" "हळूच सोडून राहिली ना जी!" तिरोड्याहून रीताचा फोन आला, "आई, या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकाईले सांग, बाजूले व्हा म्हनाव."

पुढच्या वर्षी, पोळा झाल्यावर ते निघाले. घाई नव्हती. सातपुड्यातल्या जंगलातून जुन्या गाडीवाटेने, नर्मदेच्या काठी चार मुक्काम, मग पुढं. मोठ्या रस्त्यावर तो चालवायचा, रिकाम्या रस्त्यावर ती. कुठं शाळेच्या मैदानात, कुठं नदीच्या वाळूत गाडी उभी राहायची, ती भात टाकायची, तो बॉनेट उघडून तेल-पाणी बघायचा. एका सकाळी जाग आली तेव्हा खिडकीतून नुसतं धुकं दिसत होतं, आणि शेजारी नवरा गाढ झोपला होता. लग्नापासून आजपर्यंत त्याला शेजारी इतकं निर्धास्त झोपलेलं तिनं पाहिलं नव्हतं. ती बराच वेळ तशीच पडून राहिली.

सात हजारांच्या जरा खालच्या मनालीला नोरबू भेटला. घाटापलीकडच्या लाहौलचा, यादोरावच्या हाताखाली पंधरा वर्षं काम केलेला, आता केस पिकलेला. "साब," म्हणून त्याने मिठी मारली आणि सोडेचना.

यादोरावने वर पाहिलं. डोंगराच्या मागं आणखी डोंगर, त्यावर पांढरी रेघ. "इथवरच," तो म्हणाला. "बस झालं. दिसलं."

"तुमाले दिसलं," शांतीबाई म्हणाली. "मले कुठं दिसलं?"

त्याने किल्ली खिशातून काढून नोरबूला दिली.

पहाटे ती नोरबूबरोबर निघाली आणि यादोराव मागं राहिला. गाडी वळताना तिनं आरशात पाहिलं. स्वेटर घातलेला, एका हाताने कान झाकलेला माणूस रस्त्याच्या कडेला उभा होता. वाट पाहणारं माणूस बाहेरून कसं दिसतं, ते तिनं पहिल्यांदा पाहिलं.

घाटाच्या माथ्यावर तिला दम लागला. पलीकडं उतरल्यावर झाडंच संपली. नुसते तपकिरी डोंगर, दगड, खाली करडं पाणी, आणि वारा. डांबराच्या पिंपांजवळ तोंडाला फडकी बांधलेली माणसं खडी फोडत होती. यासाठी? तिला वाटलं. एवढ्यासाठी तो इथं राहिला?

खोऱ्यात सपाट रस्ता आला तेव्हा नोरबूने विचारलं, "भाभीजी, चलाएँगी?" तिनं चालवली. वारा गाडीला ढकलत होता, गाडी हलत नव्हती. पुढं रस्ता, त्यापुढं पुन्हा रस्ता, आणि कोणी नाही. तिच्या तोंडून आपोआप एक हुंकार निघाला. थांबायची जागा आली तरी तिचा पाय ब्रेकवर जाईना.

छावणीची जागा म्हणजे दगडांचा एक चौकोन उरला होता. नोरबूने एका मोठ्या दगडावर हात ठेवला. "शाम को साब यहाँ बैठते थे. उधर मुँह करके. मैंने पूछा तो बोले, उधर मेरा घर है. हम लोग हँसते थे. उधर तो चीन है, भाभीजी."

शांतीबाई त्या दगडावर बसली. नोरबू गाडीकडं गेला. तिनं त्याच बाजूला तोंड केलं, जिकडं तो बसायचा, आणि ऊन डोंगरावरून सरकेपर्यंत उठली नाही.

त्या रात्री ती नोरबूच्या बहिणीकडं राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी मनालीत उतरली तेव्हा यादोराव रस्त्याच्या कठड्यावर बसला होता. चहावाला म्हणाला, सकाळपासून बसलेत. त्याने आधी टायर पाहिले, मग तिच्याकडं पाहिलं.

"कसं हाय तिथं?"

"ओसाड हाय. एक झाड नाही." ती कठड्यावर त्याच्या शेजारी बसली. तिचे ओठ वाऱ्याने फुटले होते. "अजून चार दिवस राह्यली असती तं बरं झालं असतं."

मग तिनं दगडाचं सांगितलं. "तुमी उलटे बसत होते जी. घर तिकडं नवतंच."

यादोराव गोंधळला. बोटाने हवेत काहीतरी जुळवू लागला, नदी अशी, घाट असा. "ढग राहत होते ना," तो हळूच म्हणाला. "मले वाटे तिकडंच हाय. मग कोनत्या बाजूले होतं?"

शांतीबाईने त्याचा हात धरला आणि पाठीमागं वळवला, दरीच्या खालच्या तोंडाकडं, जिकडं नदी वाहत चालली होती.

तो तसाच मान वळवून पाहत राहिला. चहावाल्याने दोन पेले आणून ठेवले. चहा संपल्यावर ती उठली, फडक्याने गाडीच्या काचेवरची धूळ पुसली आणि विचारलं, नदीच्या बाजूनं खाली जावाचं, का अजून एखादा रस्ता हाय, तुमच्या डॉक्टरच्या उंचीतला?