नीलव्वाची दोन नाती

दाक्षायणीने कोट्रेशशी ठरलेलं लग्न मोडलं ते एका कागदापायी. दावणगेरेच्या दवाखान्यात तिची फाईल टेबलावर उघडी राहिली होती. तिने वाचलं: वडिलांकडे हाच आजार असलेली एक स्त्री, आईकडे एक. दोन्ही बाजूंनी वारसा.

क्षणात माणूस तोडायचा, क्षणात त्याच्या गळ्यात पडून रडायचं, मग स्वतःवरच राग काढायचा, असा तिचा आजार. आठ महिने दर गुरुवारी डॉक्टर उमादेवींकडे जाऊन तो आता कुठे आवरत होता. "दोन्हीकडून आलंय, म्हणजे माझ्या पोटीही येणार. कोट्रेशच्या गळ्यात हे बांधणार नाही," म्हणाली आणि त्याचे फोन उचलायचे बंद केले.

तिचे वडील वीरभद्रप्पा, कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल, पुस्तकांत शिरले. मेंदूतली रसायनं, जनुकं, जोखीम. जितकं वाचलं तितका घोर वाढला. स्वतःच्या आईबद्दल त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं होतं. पण बायकोकडचं, शरणम्माकडचं कोण? सासऱ्यांच्या घराण्यात कुणी असेल, लपवलं असेल. तिला विचारायचा धीर होईना. शरणम्मा त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची मुलगी. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी त्यांना मामाच म्हणे. तिलाही वाटत होतं, मामांनी काहीतरी दडवलंय. पंधरा दिवस दोघं समोरासमोर बसून निमूट भाकरी खात होती.

गुरुवारी उमादेवींनी तिघांना बसवून कोरा कागद ओढला.

"शिकाऊ डॉक्टरने तुम्हा दोघांना वेगवेगळं विचारलं होतं. मी पुन्हा वंशावळ काढते. शरणम्मा, तुमच्याकडचं कोण?"

"माझी अज्जी. चिडली की भांडी अंगणात फेकायची, मग शेजारणीला मिठी मारून रडायची. दोनदा विहिरीतून काढली तिला."

"आईची आई?"

"हो. नीलव्वा."

वीरभद्रप्पांची मान वर झाली. "नीलव्वा तर माझी आई."

"मग दुसऱ्या कुणाचं सांगणार, मामा? दहा वर्षांची होईपर्यंत तिच्याच घरी वाढले की मी."

उमादेवींचं पेन थांबलं. त्यांना हसू आवरेना. "पोरगा उत्तरेकडचा. आपल्याकडचं मामा-भाचीचं लग्न त्याच्या ध्यानीमनी नसणार. एका बाईच्या दोन केल्या त्याने."

"म्हणजे एकच?" दाक्षायणीने विचारलं.

"एकच. जोखीम संपली असं नाही म्हणणार मी. तुझ्या आईवडिलांचं रक्त जवळचं, तेही धरायला हवं. पण वारशाने कल येतो गं, आजार ठरलेला येत नाही. कसे वाढतो, जवळ कोण असतं, याने मेंदूही बदलतो. नीलव्वाला गुरुवार नव्हते. तुला आहेत. मुलाचं म्हणशील तर त्यालाही आधार देता येईल."

बाहेर बाकावर शरणम्मा म्हणाली, "एवढी कपाटं वाचलीत मामा, मला एक शब्द विचारला असता तर?"

"भीती वाटली."

"माझीही तीच गत."

दाक्षायणी खिडकीपाशी फोन लावून उभी होती. "कोट्रेश, शिव्या नंतर दे. संध्याकाळी घरी ये, सांगायचंय. आणि येताना चुरमुरे, मिरची भजी आण. अप्पांसाठी कमी तिखट." पलीकडून तो काहीतरी बोलला असावा. ती हसली.

वीरभद्रप्पांना काखेतलं पुस्तक एकदम जड वाटलं. त्यांनी ते शरणम्माच्या पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीखाली, सरकवून दिलं.