कपाटातला गुप्तहेर

टिंग. बाबांनी कपावर चमचा वाजवला आणि दुपारची शांतता मोडली. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून दीड महिना आमच्या घरात असाच संवाद चालला होता. मी विचारलं होतं, "उद्या जायचं ना स्टुडिओत?"

माझे बाबा म्हणजे एका गुप्तहेराचा मराठी आवाज. पडद्यावरचा नट वेगळ्याच भाषेत बोलतो, पण अकरा सिनेमे आमच्या लोकांनी त्याला बाबांच्या आवाजात ऐकलंय. शेवटच्या तीन सिनेमांचे मराठी संवाद मी लिहिले. माझी पाच वर्षांची लेक भिंगरी झोपली, की मिळेल त्या तासाभरात. आता बारावा, आणि शेवटचा. उद्या बाबांची परीक्षा होती. आवाज लागला तर ठीक, नाहीतर नवा माणूस तयारच होता.

हा गुप्तहेर मला आवडतो तो त्याच्या फजित्यांसाठी. तिसऱ्या सिनेमात तो गवत कापायच्या यंत्रावर बसून पळतो आणि खलनायक मागून चक्क चालत येतो. सहाव्यात कवळीत लपवलेला माईक सूपमध्ये पडतो. मुख्यालयात नुसतं बुडबुड ऐकू येतं आणि मोठे साहेब गंभीरपणे म्हणतात, "शत्रू पाण्याखाली आहे." ते बुडबुड बाबांनी ग्लासात नळी घालून स्वतः केलं होतं. अजून कुणी भेटलं की बढाई मारतात, "अभिनय केलाय मी सूपचा!"

आणि ते वाक्य! दुसऱ्या सिनेमात तो पेटलेल्या घरातून कोट झटकत बाहेर येतो. मूळ वाक्य काहीतरी भारदस्त होतं. माईक बंद आहे समजून बाबा रेकॉर्डिस्टबाईंवर करवादले, "चहा गार झाला!" त्या नटाच्या ओठांवर ते इतकं चपखल बसलं, की बाईंनी तेच ठेवलं. मागे घर भडाभडा जळतंय आणि हा म्हणतो, चहा गार झाला! थिएटरात लोकांची हसून मुरकुंडी वळली. तेव्हापासून प्रत्येक सिनेमात ते हवंच.

बारावा लिहिताना बाबांचा दम काढणारी ध, घ असली अक्षरं मी वेचून वेचून बाहेर काढली. 'धावा'चं 'पळा' केलं, 'घाबरू नकोस'चं 'मी आलोय'. पण 'झाला'मधल्या झ-चं काय करू? डॉक्टरांनी परवाच बोलायची मुभा दिली होती, तरी बाबा आवाज राखून होते. एकदाच त्यांनी ते वाक्य म्हणून पाहिलं. 'झा'पाशी आवाज कापडासारखा टर्रकन फाटला. बाबा उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मी पुन्हा सिनेमा लावून बसले आणि कपाट सापडलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला घेऊनच स्टुडिओत गेलो. रेकॉर्डिस्टबाईंनी दार उघडलं. "या साहेब! नाटकं पुरे, कामाला लागा."

बाबा काचेपलीकडे उभे राहिले. पडद्यावर गुप्तहेर खलनायकाच्या कपाटात, कोटांच्या गर्दीत उभा. बाहेर पहारेकरी. मुळात तिथे तो गप्पच असतो, पण आत काळोख आहे, ओठ दिसत नाहीत. तिथेच मी ते वाक्य घातलं होतं. कुजबुजायचं होतं, बस.

बाबांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि माईकशी वाकले.

"चहा गार झाला."

नुसता श्वास. पण त्यात त्या माणसाची सगळी मिजास होती. बाईंनी तोंडावर हात धरला, तरी हसू फुटलंच. मग पुढची पाच लहान वाक्यं झाली. चौथ्याला आवाज जरा खरखरला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "पडद्यावरचाही म्हातारा झालाय. उद्यापासून दहाला या. नव्या माणसाला नको म्हणून मी फोन करते."

बाबा बाहेर आले. "लबाड! बापाला कपाटात कोंडलंस?"

"दुसरीकडे कुठे लपवू तुम्हाला?" मी म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. डोळे मात्र भरून आले होते.

भिंगरी इतका वेळ काचेला नाक लावून बसली होती. तिने माझी ओढणी ओढली.

"आई, हा शेवटचा सिनेमा ना?"

"हो गं."

"मग नंतर आजोबा कुणाच्या तोंडातून बोलणार?"