समक्ष

“टेप जरा ताणून धरा काका,” दामिनी म्हणाली.

इतवारीने टेप ताणली, पण त्याचे लक्ष टेपकडे नव्हते. ही नागपूरची पोरगी वहीत काय लिहिते आहे, ते तो मान वाकडी करून पाहत होता. अक्षर बारीक आणि इंग्रजी. आपल्याला वाचता येऊ नये म्हणूनच इंग्रजीत लिहीत असणार, असे त्याला वाटून गेले.

करंजटोल्याच्या तलावाला लागून असलेल्या त्या अडीच एकर धानाच्या बांधीत अठ्ठावीस प्लॉटांचे ले-आऊट पडणार होते. जमीन घेतली होती मोहाडीच्या कुंदन हेडाऊने. त्याच्या घरात तीन पिढ्या हातमागाचा धंदा होता, आता तो जमिनीत उतरला होता. गावातल्या मच्छीमार संस्थेने हरकत घेतली होती की, या बांधीतून तलावात येणारा ओढा घरांखाली गेला तर तलाव भरणार नाही आणि टाकलेली माशांची बोटुकली, बोटभर पिल्ले, दिवाळीपर्यंतही जगणार नाहीत. म्हणून उपविभागीय अधिकाऱ्यांनी परवानगीआधी पर्यावरण पाहणीचा अहवाल मागवला होता. आता पाहणी करणारी दामिनीची कंपनी बोलावली कोणी, तर कुंदननेच. इतवारीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. त्यात पाहणी एप्रिलमध्ये. बांधीला हात हात भेगा पडलेल्या असताना ओढा कोणाला दिसणार?

इतवारी नान्हे हा गावचा कोतवाल. तलाठ्याच्या हाताखाली राहायचे, नोटिसा घरोघर पोचवायच्या, साहेब आले की शिवार दाखवायचे, कागदावर साक्षीला सही करायची. एकतीस वर्षे हेच काम. घर ढीवराचे, बाप याच तलावात जाळे टाकून म्हातारा झालेला. साठीला चौदा महिने उरले होते.

“तुम्ही इथलेच ना काका?” दामिनीने पेन थांबवून विचारले. “पावसाळ्यात इथून पाणी जातं का?”

बोरीच्या सावलीत मोबाईलवर बोलत असलेला कुंदन बोलायचा थांबला.

“पावसात पाणी कुठूनबी जाते, मॅडम,” इतवारी म्हणाला.

खोटे काही नव्हते आणि खरेही काही सांगितले नव्हते. नोकरीने त्याला शिकवलेले उत्तर हे असे होते. दामिनीने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि खाली काहीतरी लिहिले.

परत निघताना कुंदनने गाडीचे दार उघडले. “या इतवारीभाऊ, एवढ्या उन्हात पायी कायले जाता?” इतवारी बसला. दीड किलोमीटरचा रस्ता. पण तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

त्याची मोठी बहीण सखाबाई अंगणात जाळे विणत बसली होती. नवरा गेल्यावर ती माहेरीच राहिली होती आणि मच्छीमार संस्थेत तिच्या शब्दाला वजन होते. तिने वर पाहिले नाही.

“एसी लागला होता का गा गाडीत?”

“बाई, ऊन होतं म्हणून बसलो.”

“मी कुठं काय म्हणून राहिली? लोक म्हणतेत. त्या पोरीले काय सांगतलास?”

“तिनं विचारलं, मी सांगतलो.”

“ओढा हाय म्हणून सांगतलास?”

इतवारी पाणी प्यायला आत गेला. सखाबाईची सुई क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली. त्या दिवसापासून संस्थेची बैठक असली की माणसे त्याच्या दारावरून आवाज खाली करून जायची. कुंदनचेही तसेच होते. संस्थेला आपल्या कागदांच्या झेरॉक्स मिळतात कशा, असे तो तलाठी कार्यालयात इतवारीच्या समोरच विचारून गेला. दोन्हीकडून शंका, आणि इतवारीची स्वतःची शंका त्या पोरीवर. ती विकली गेली आहे, याची त्याला मनोमन खात्री होती. एवढी शिकलेली पोरगी, तिला जमिनीचा उतार दिसत नसेल?

मे महिन्यात अहवाल आला. त्याची एक प्रत संस्थेला द्यायची होती, आणि ती पोचवायचे काम अर्थातच कोतवालाचे. मोहाडीच्या तहसील कचेरीतून पाकीट घेऊन तो बाहेर पडला. बाजाराचा दिवस होता. गर्दीतून बाजूला होऊन तो कडुलिंबाखालच्या ओट्यावर बसला आणि कागद काढले. पोरीचा खोटेपणा आधी आपल्याला कळावा, मग गावाला, अशी त्याची इच्छा होती.

अहवाल मराठीत होता. तो एकेक ओळ वाचत गेला. जमिनीचा उतार तलावाकडे आहे. मध्यभागी सखल पट्टा आहे. त्यातल्या मातीत वाहत्या पाण्याची रेती सापडते. जुन्या नकाशात ओढ्याची रेघ आहे. इतवारी चकित झाला. पोरीला सगळे दिसले होते. मग पुढचे वाक्य आले : ‘तथापि, महसूल दप्तरातील पंचनाम्यानुसार सदर ओढा नैसर्गिकरीत्या बुजलेला असून त्यातून पाणी वाहत नाही. सबब ले-आऊटमुळे तलावास बाधा संभवत नाही.’

पंचनाम्याची झेरॉक्स मागे जोडली होती. सतरा वर्षांपूर्वीची. खाली लिहिले होते, ‘कोतवाल इतवारी डोमा नान्हे यांचे समक्ष’. आणि त्यापुढे त्याची सही, ‘इ’ची शेपटी लांब ओढलेली.

कितीतरी वेळ तो त्या सहीकडे पाहत राहिला. मग एकेक आठवू लागले. तेव्हा ही बांधी चंद्रभान पाटलाची होती. त्याला ओढा बुजवून दोन बांध्यांची एक करायची होती. तेव्हाचा तलाठी पाटलाच्या ओसरीवर चहा पीत बसला होता. “इतवारी, इथं सही कर, मजकूर मी मागून लिहितो,” तो म्हणाला होता. कागद कोरा होता. त्या दिवशी कोणी शेतात गेलेच नव्हते. इतवारीने सही केली, चहा घेतला आणि तो घरी आला. अशा किती सह्या केल्या, त्यालाच ठाऊक नव्हते. चंद्रभान वारला, पोरांनी जमीन विकली, तलाठी बदलून गेला. सही तेवढी दप्तरात राहिली.

त्याने पाकीट संस्थेत नेऊन दिले. सखाबाईने कागद एकाकडून मोठ्याने वाचून घेतले.

“म्हणजे तू तवाचाच त्यायचा होतास,” ती म्हणाली.

“मी कोनाचाच नव्हतो, बाई.”

“मंग सही कोनाची हाय?”

इतवारी पायात चपला घालून बाहेर पडला.

सुनावणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर झाली. एका बाजूला कुंदन आणि दामिनी, दुसऱ्या बाजूला संस्थेची सात माणसे. इतवारी दाराशी उभा होता, नेहमीसारखा. साहेबांनी पंचनाम्याचा कागद वर धरला आणि दप्तरी पुरावा स्पष्ट असल्याचे म्हटले. इतवारी दोन पावले पुढे आला.

“साहेब, ती सही माही हाय. पन पंचनामा झाला नाई. कागद कोरा होता.”

साहेबांनी चष्मा काढला. “काय बोलताय हे कळतंय का तुम्हाला? नोकरीचा प्रश्न येतो.”

“कळते, साहेब. ओढा बुजला नव्हता, बुजवला. आताबी पाऊस लागला का पानी तिथूनच येते. माह्या डोळ्यानं पाहतो मी दरसाल.”

कुंदन हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “सतरा सालानंतर आज याद आली. ढीवर ढीवराचाच होते शेवटी.”

बाहेर आल्यावर दामिनीने त्याला गाठले. “काका, तुम्हाला कोणी असं बोलायला लावलं का? खरं सांगा. माझ्या अहवालाचा प्रश्न आहे.”

“तुमाले एप्रिलमंदी सांगाले पायजे होतं,” तो म्हणाला. “मले वाटलं, तुमी त्यायच्या हाय.”

“मला वाटलं, तुम्ही त्यांचे आहात. त्यांच्या गाडीत बसून गेलात.”

दामिनीने वही बॅगेत टाकली आणि इतवारी गावाकडे निघाला.

साहेबांनी अहवाल परत पाठवला आणि पावसात फेरपाहणीचा आदेश दिला. इतवारीला आठवड्याभरात निलंबनाचे पत्र आले, चौकशी लागली. गावात कोणी त्याची पाठ थोपटली नाही. यात काहीतरी डाव असणार, असेच बहुतेकांना वाटत होते. सखाबाईने मात्र एका सकाळी मोठे जाळे त्याच्यासमोर टाकले. “बसून का करतेस? याच्या गाठी पाय.” तो गाठी पाहत बसला.

ऑगस्टच्या मध्यावर फेरपाहणी झाली. बांधीच्या मधून गुडघाभर गढूळ पाणी तलावाकडे पळत होते. कुंदन छत्रीखालून ते पाहत होता. दामिनीने मोजमाप केले आणि या वेळी पंचनामा तिथेच, मराठीत लिहिला. आता पंच हवे होते. गावातला तुलाराम पुढे झाला, तर तो संस्थेचा म्हणून कुंदनने नाकारला. निकेशचे नाव निघाले, तर त्याने कुंदनकडे प्लॉट सांगून ठेवल्याचे सखाबाई म्हणाली. असे चार-पाच जण बाद झाले. शेवटी सगळे धुऱ्याच्या बांधावर एकटा उभा असलेल्या इतवारीकडे पाहू लागले. त्याच्यावर कोणाचाच भरवसा नव्हता, पण तो समोरच्याचा आहे असेही कोणाला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

“यानं आपलीच नोकरी घालवली, याले राहू द्या,” कुंदन म्हणाला. सखाबाईनेही मान हलवली.

दामिनीने फळीला लावलेला कागद त्याच्या हातात दिला आणि वर छत्री धरली. इतवारीने सुरुवातीपासून वाचायला घेतले. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. चिखलात उभी असलेली माणसे पाय बदलू लागली. कुंदनने घड्याळ पाहिले. “सही करा ना भाऊ, पाऊस वाढून राहिला.”

इतवारीने मान वर केली नाही. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्याचे बोट थांबले.

“मॅडम, इथं ओढा लिवला हाय. रुंदी नाई लिवली.”

दामिनीने कागद पाहिला, वहीतून आकडा काढला आणि लिहिला. त्याने तो आकडा वाचला, मग पाण्याकडे पाहिले, मग पुन्हा कागदाकडे. आणि पुढची ओळ वाचायला लागला.