मालकाची सही

नजियाने विम्याचे कागद खिडकीतून आत सरकवले. "हा विमा रद्द करा. गाडी बंद पडलीये, जागची हलत नाही."

महदिया शहरातल्या त्या विमा कचेरीत कारकून नवा होता. त्याने कागद उलटेपालटे केले. "गाडी मोन्सेफसाहेबांच्या नावावर आहे, ताई. मालकांची सही लागेल."

नजियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही म्हणे! तिचा नवरा आठ दिवसांपूर्वी बॅग भरून दुसऱ्या शहरात, सूसला, त्या शिवणकामवालीकडे राहायला गेला होता. आणि जाताना वर तोंड करून बजावून गेला होता, "गाडी दारातच राहू दे, विमाही चालू ठेव. गाडी दिसली की लोकांना वाटतं, घरात पुरुष आहे." वीस वर्षं त्याचं उष्टं काढलं, आता त्याचं भंगारही सांभाळायचं!

"ते गेले," ती म्हणाली.

कारकुनाचं पेन थबकलं. "अरेरे! कधी?"

"शुक्रवारी."

"आजारी होते?"

"छे! चांगले धडधाकट होते."

त्याने छातीवर हात ठेवला. "मागे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांत बरकत राहो, ताई."

मागच्या बाकावरून शेजारची बेया मावशी धडपडत उठली. "अगं बाई! मोन्सेफ गेला? आणि आम्हांला पत्ता नाही?"

तेव्हा कुठे नजियाच्या डोक्यात प्रकाश पडला. गैरसमज दूर करायला एका वाक्याचं काम होतं. तिने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. कारकुनाने मृत्यूचा दाखला सवडीने आणायला सांगून अर्ज ठेवून घेतला.

दुपार कलायच्या आत गल्लीतल्या बायका कुसकुसची पातेली घेऊन हजर झाल्या. देवमाणूस होता हो, असं एकीने म्हणताच बाकीच्यांनी सूर धरला. नजिया मान खाली घालून ऐकत राहिली. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला कडकडून भूक लागली होती. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेवढ्यात फोन वाजला.

"डोकं फिरलंय का तुझं?" मोन्सेफ ओरडत होता. "अख्खी महदिया माझ्या नावाने रडतेय म्हणे! आत्ताच्या आत्ता सांग सगळ्यांना, मी जिवंत आहे! नाहीतर मी येतो तिकडे!"

बायका तिच्याकडे बघत होत्या.

"हो ना, भाऊ," नजिया ओल्या आवाजात म्हणाली. "माती तिकडे सूसलाच दिली. तुम्ही आता यायची तसदी घेऊ नका."