पहिलं दळण

"हिला बिस्कीट कुणी दिलं? सरळ सांगा, न्हाईतर..."

पुढं काय करणार होता ते हनुमंतालाही ठाऊक नसावं. इनामगावात त्याची पिठाची गिरणी. माणूस इतका मवाळ, की दळणाला उशीर झाला म्हणून बाया तोंड सोडतात आणि हा "व्हय वैनी" म्हणत डबा उचलून देतो. तो त्या दुपारी अंगणात बायकोवर आणि म्हाताऱ्या आईवर ओरडत होता. आणि मी, गावची आशा वर्कर भाग्यश्री, करोनाच्या तपासणीला आलेली, ऑक्सिमीटर हातात धरून दारात उभी. मास्कच्या आतून काय बोलणार, कप्पाळ!

भांडण त्याच्या मोनिकावरून चाललं होतं. आठ वर्षांची पोर, वजन चौदा किलो. पोट नगाऱ्यासारखं आणि पायांच्या नुसत्या काड्या. लॉकडाऊनच्या आधीपासून तिला सारखी हगवण. त्या दिवसांत हगवण म्हटलं तरी लोक चार हात लांब सरायचे. शिरूरला नेऊन तिच्या नाकात काडी घातली, रिपोर्ट निगेटिव्ह आला. "करोना नाही ना? मग घरी न्या," तिथले डॉक्टर म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं, खाट रिकामी नव्हती. पण मी काय केलं? जंताच्या गोळ्या दिल्या, ओआरएसची पाकिटं दिली, आणि मोनिकाच्या आईला, सोनमला, चांगलं अर्धा तास ऐकवलं, "पोरीला खायला घाल गं, दुधात चपाती कुस्करून घाल." ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

शेवटी दौंडच्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पुण्याला पाठवून पोटात दुर्बीण घातली, आणि नाव सांगितलं, सिलियाक. गव्हातलं काहीतरी पोरीच्या आतड्याला सोसत नाही. चपाती, रवा, मैदा, बिस्कीट जन्मभर बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ खुशाल. हनुमंत तिथंच म्हणाला होता म्हणे, "डॉक्टर, ज्वारीची काळजी नको. मी गिरणीवालाच हाय."

चार महिने पोर भाकरी खात होती. सुरुवातीला एक किलो वाढली, मग तो किलोही गेला. त्या दिवशी पुन्हा रक्ताचा रिपोर्ट आला, तो जवळजवळ पहिल्यासारखाच. डॉक्टर फोनवर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय, नीट शोधा. असंच चाललं तर पोर वाढायचीच नाही. म्हणून हा बिस्किटाचा तपास चालला होता.

"पोरीची शप्पत," सोनम रडकुंडीला आली होती, "बिस्किटाचा कागद सुदिक न्हाई घरात."

"मंग काय हवेतनं जातंय? ज्वारी मी सोता निवडतो, सोता दळतो. गिरणी उघडली की पयलं दळण माझ्या पोरीचं. दुसऱ्या कुणाच्या दाण्याला हात लावायच्या आधी!"

हे तो छाती काढून म्हणाला, आणि माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. आमच्या गावातल्या बाया गिरणीत 'कशावर घालताय?' विचारल्याशिवाय डबा देत नाहीत. बाजरीवर गहू घातला की चपात्या काळ्या होतात. आणि पहिला नंबर तर कुणालाच नको असतो, कारण गिरणीच्या दगडांत रात्रभर अडकलेलं पीठ पहिल्याच्या डब्यात उतरतं. मी स्वतः मुद्दाम उशिरा जाते.

"हनुमंतभाऊ," मी मास्क खाली ओढला, "काल सांजच्याला शेवटी काय दळलं होतं?"

"शेवटी? गहू. शेवटी रोज गहूच की..."

सोनमनं डोळ्यांवरचा पदर काढून त्याच्याकडे बघितलं.

"पर ते चिमूटभर आसतं, ताई. चिमूटभर!"

मी दौंडला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. डॉक्टर म्हणाले, हिला चिमूटही चालणार नाही.

हनुमंत पायरीवर मटकन बसला. भुवयांपासून चपलांपर्यंत पिठानं पांढरा. भांडण संपलं असं वाटून मोनिका आतून आली आणि रोजच्यासारखी त्याच्या मांडीवर बसायला वाकली.

"थांब! शिवू नको मला!"

पोर दचकली. बापानं तिला असं कधी हटकलं नव्हतं. दोन पावलं मागं सरली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, तुमाला करोना झाला?"

मी तीन महिन्यांत गावातली सहा माणसं गेलेली पाहिली होती, रडले नव्हते. तिथं मात्र रडले. हनुमंत तर लहान पोरासारखा हुंदके देत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरचं, हळकुंडं दळण्यापुरतं काढायचं जातं खाली घेतलं, घासून धुतलं आणि छिन्नीनं ठोकून स्वतः टाकी लावली. सकाळी अंगणातल्या बादलीवर आंघोळ, धुतलेले कपडे, आणि मग जात्यावर बसायचं. गिरणीवाला जात्यावर, म्हणजे गावाला आयतंच निमित्त. कोंडिबा मामा रोज रस्त्यावरून ओरडायचे, "काय हनुमंता, लाईट गेली का?"

"व्हय मामा, गेली," म्हणून हा खुंटा फिरवत राहायचा.

करोना ओसरला. दारादारांतल्या बादल्या आणि साबण लोकांनी आत नेले. हनुमंताची बादली तिथंच आहे. संध्याकाळी तो अंगणातच डोक्यावरून पाणी घेतो, कपडे बदलतो आणि मगच उंबरा ओलांडतो.

शाळा सुरू झाल्यावर मी पोरांची वजनं घेतली. मोनिका काट्यावर उभी राहिली, आणि काटा साडेएकोणीसवर गेला. मी दोनदा बघितलं. पोर जी सुटली ती थेट गिरणीकडे. माझं मेलीचं लक्ष लागेना, मीही मागोमाग गेले.

गिरणीसमोरच्या रस्त्यापाशी ती आपणहून थांबली. पलीकडे जायचं नाही, हे तिला पाठ आहे.

"पप्पा! साडेएकोणीस!"

पट्ट्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. तिला बघून त्यानं बटण बंद केलं आणि तो दारात आला. तिनं पुन्हा ओरडून सांगितलं. त्याचं एक पाऊल पायरीवरून खाली आलं, दोन्ही हात पुढं झाले. मग त्यानं त्या पांढऱ्या हातांकडे बघितलं, पाऊल मागं घेतलं, आणि हात पाठीमागे बांधून तिथंच उभा राहिला.