बाबांच्या दारातली पट्टी

बाबा स्वतःच्या खोलीच्या दारापर्यंत यायचे, खाली बघायचे आणि थांबायचे. मग मागे वळून हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन बसायचे. चार दिवस हेच चाललं होतं आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

बाबांचे पाय गार पडतात. म्हणून ते आठवडाभर दादाकडे गेले असताना मी त्यांच्या खोलीत जुन्या फरशीवरच लाकडी फ्लोअरिंग घालून घेतलं. खोली बोटभर उंच झाली, हॉलची फरशी होती तिथेच राहिली. कारागीर दारातला जोड तसाच उघडा ठेवून गेला. तिथे पट्टी बसवायची ती म्हणे माझी मी बसवावी, सोपं असतं. बुधवारी बाबा परत आले, ते त्या उघड्या जोडापाशीच थांबले.

दादा फोनवर म्हणाला, "रविवारपर्यंत ते खोलीत गेले नाहीत तर मी त्यांना कायमचं इकडे आणतो. या वयात सोफ्यावर किती दिवस झोपणार?" त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. बाबा गेले असते तर या घरात मी एकटीच उरले असते, आणि मला त्याची भीती वाटत होती.

दुकानदाराने विचारलं, "सपाट जोडाची हवी की उताराची?" मी ठणकावून सांगितलं, सपाट. का, ते मलाही माहीत नाही. गुरुवारी ती चिकटवली, तर पाय ठेवला की डगमगायची. बाबा थांबले. साहजिकच आहे, म्हटलं. शुक्रवारी ती काढून उताराची बसवली, गडद तपकिरी. बाबा थांबले. रंगामुळे त्यांना तिथे खड्डा दिसत असेल, असं माझं मीच ठरवून टाकलं. शनिवारी सकाळी तीही उखडली आणि फरशीच्या रंगाची आणली. कापताना घाई नडली, एका टोकाला ती बोटभर तोकडी पडली. पण आता डगमग नाही, खड्डा नाही. बाबा आले, खाली बघितलं आणि थांबले.

"बघा, काही होत नाही," म्हणत मी पट्टीवरून तीनदा इकडून तिकडे चालून दाखवलं. बाबांनी माझी बाही धरून मला मागे ओढलं, तेही चांगलंच जोरात. मला काही म्हणजे काही उमगेना.

गेल्या वर्षापासून बाबा विसरत चाललेत. मी त्यांना कधी त्यांची बहीण वाटते, कधी कुणीच नाही. त्यामुळे त्यांना विचारून काय उपयोग, असं मी धरूनच चालले होते. त्या दुपारी मात्र हात टेकले.

"बाबा, आत का जात नाही?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू वेडी मीच. "काम ओलं आहे," ते म्हणाले. "एक दिवस पाय ठेवायचा नसतो. एवढं कळत नाही?"

बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. ओल्या कामावर पाय पडू नये म्हणून ते खुद्द घरमालकालाही दारातून परत पाठवायचे. आणि मी शहाणी, रोज जुनी पट्टी उखडून त्यांच्यापुढे नवं ओलं काम मांडत होते.

मग मी कशालाही हात लावला नाही. दारात एक खुर्ची आडवी टाकली. बाबांनी ती बघून मान हलवली आणि सोफ्यावर आडवे झाले.

रविवारी सकाळी त्यांनी खुर्ची स्वतः बाजूला केली. सावकाश वाकले, पट्टीवर बोटाने टकटक करून कान दिला. मग त्या तोकड्या टोकाच्या फटीत बोट घातलं.

"हे कुणी कापलं?"

"मी."

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही."

ते पट्टी ओलांडून आत गेले, पलंगावर बसले, अनवाणी पाय लाकडावर टेकवले. मी दारातच उभी होते. या क्षणी मी त्यांची कोण आहे, मला काही कळत नव्हतं.

"उद्यापासून माझ्याबरोबर कामाला ये," ते म्हणाले. "आधी नुसतं माप धरायला शिक."

"येते," मी म्हणाले.