वेरोना हुडाकची इस्त्री

वेरोना हुडाकला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत तिला ते कळावं असं कुणाला वाटलंही नव्हतं. नवरा अँडी पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर रात्रपाळी करायचा, सकाळी येऊन झोपायचा आणि उठला की उरलेला दिवस रिव्हरमेनची काळजी करण्यात घालवायचा. रिव्हरमेन म्हणजे गावचा संघ. त्यांनी शेवटचं अजिंक्यपद मिळवलं त्याला एकतीस वर्षं लोटली होती. मधल्या काळात मंदी येऊन गेली, महायुद्ध होऊन गेलं, नदीवर दोन नवे पूल झाले. पण फ्लिंट स्ट्रीटवर कुणी जुन्या गोष्टी काढल्या की वर्षं मोजली जायची ती त्या विजयापासूनच.

त्या ऑक्टोबरात रिव्हरमेन पुन्हा अंतिम मालिकेत पोचले. समोर न्यूयॉर्क. सात सामन्यांपैकी चार जो आधी जिंकेल तो अजिंक्य. गल्लीतला सगळ्यात मोठा टीव्ही हुडाकांकडे होता, त्यामुळे सामन्याच्या दिवशी दुपारी एकला बैठक तिथे भरायची. एक अँडी. दुसरा त्याच्याच भट्टीवरचा लिओ वॉयत्को, ज्याला घरी बायकोने टीव्ही घेऊ दिला नव्हता. आणि तिसरे अँडीचे काका युराय. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही कान कारखान्यात गेलेले, राहायला पुतण्याकडेच. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पडद्याकडे टक लावून बघत आणि क्वचितच काही बोलत.

मैदानावर खेळाडू जेवढी तयारी करत नसतील तेवढी या बैठकीत चालायची. अँडीने डावा मोजा उलटा घातला होता आणि मालिका संपेपर्यंत तो काढायचा नाही अशी शपथ घेतली होती. वेरोनाने फक्त एवढीच अट घातली की तो पाय रात्री पांघरुणाबाहेर राहील. लिओ रंगाच्या पालथ्या बादलीवर बसायचा, कारण तरुणपणी एकदा तो बादलीवर बसलेला असताना कुणीतरी चेंडू थेट मैदानाबाहेर घालवून होम रन मारला होता. सोफा रिकामा असायचा. त्यावर बसून कधी काही चांगलं झालेलं नव्हतं.

पहिले दोन सामने न्यूयॉर्कला झाले आणि रिव्हरमेन दोन्ही हरले. अँडीने मोजा उजव्या पायात चढवला.

तिसरा सामना शनिवारी, आपल्या मैदानावर. नऊपैकी सातव्या इनिंगला न्यूयॉर्क चार धावांनी पुढे होतं आणि बैठकीत मयताला बसल्यासारखी शांतता होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या प्लगमधून ठिणग्या उडायला लागल्या. वेरोनाने इस्त्रीचं टेबल उचललं आणि बैठकीत आणून मांडलं. तिथला प्लग सोफ्यामागे होता, म्हणून तिला टीव्हीकडे पाठ करून उभं राहावं लागलं. तिने पहिली उशीची खोळ पसरली आणि रिव्हरमेनच्या बॅटरने चेंडू कुंपणावरून भिरकावला. दुसऱ्या खोळीला दोन धावा झाल्या. चादरीची घडी होईतो रिव्हरमेन पाच-चारने जिंकले होते.

कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढंच ते होतं. पण एकतीस वर्षं फांदीखाली उभं राहिलेल्यांना कावळ्यातच देव दिसतो. लिओ बादलीवरून उठला, इस्त्रीच्या टेबलाभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मिसेस हुडाक, उद्या तुमचे कपडे असतीलच ना?"

आजवर तो तिला "अगं वेरोना, बिअर आहे का" एवढंच म्हणत आला होता.

उद्या रविवार होता. रविवारी काम करणं पाप, आणि वेरोनाने उभ्या आयुष्यात रविवारी सुई धरली नव्हती. तिने तसं सांगितल्यावर अँडी आणि लिओ चर्चमध्ये फादर बिल्कोंकडे गेले. फादरनी बराच वेळ डोळे मिटले. मग ते म्हणाले, बैल विहिरीत पडला तर विश्रामवारीही त्याला बाहेर काढावं असं शास्त्रातच आहे, आणि हा बैल तर एकतीस वर्षं विहिरीत आहे. शिवाय काम देवाचंच असलं तर प्रश्नच उरत नाही. असं म्हणून त्यांनी वेदीवर घालायची सगळी वस्त्रं एका टोपलीत भरून दिली आणि ते निघताना हळूच विचारलं की सामना बघायला आपणही आलो तर चालेल का.

वेदीची वस्त्रं कडक झाली. रिव्हरमेन सहा-एकने जिंकले. मालिका बरोबरीत आली.

सोमवारी घरात इस्त्रीला चिंधीसुद्धा उरली नव्हती. लिओने गल्लीत घरोघर फिरून गाऱ्हाणं मांडलं, आणि दहाच्या आत हुडाकांच्या व्हरांड्यात अकरा टोपल्या येऊन पडल्या. फ्लिंट स्ट्रीटच्या बायकांना बेसबॉलचं इतकं प्रेम आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. लिओच्या बायकोने तर पडदेसुद्धा काढून पाठवले.

वेरोनाने टोपल्या पाहिल्या आणि कमरेवर हात ठेवले. चार वर्षं झाली, मागच्या दाराच्या पायऱ्या मोडल्यात, ती म्हणाली. त्या दुरुस्त झाल्या की इस्त्री तापेल. सिगार बाहेर ओढायचे. आणि जेवणानंतरची भांडी ज्यांनी खाल्लं त्यांनी घासायची. चार वर्षं ज्या पायऱ्यांना लाकूड मिळत नव्हतं त्यांना ते पंधरा मिनिटांत मिळालं. बाराच्या ठोक्याला त्या पायऱ्यांवर हत्ती चढला असता. लिओने आयुष्यात पहिल्यांदा सूपचं पातेलं घासलं आणि बायकोला कळवू नका अशी विनंती केली.

रिव्हरमेन जिंकले. आता आणखी एकच विजय हवा होता.

पण या तीन दुपारांत एक भलतीच गोष्ट घडत होती आणि ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. वेरोना ऐकत होती. हात इस्त्रीवर, तोंड भिंतीकडे, दुसरं करणार काय? हळूहळू तिला आकड्यांचा हिशोब लागला. रिव्हरमेनचा मोठा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता डटन, आणि त्याच्याबद्दल तर तिला असं काही उमगलं जे सोफ्यापलीकडच्या जाणकारांना उमगलं नव्हतं. डटन दमला की दोन चेंडूंमध्ये फार वेळ घेतो. तो वेळ भरायला समालोचक हवेबद्दल बोलायला लागतो. शनिवारी स्वयंपाकघरात वाऱ्याची दिशा ऐकू आली आणि पाठोपाठ न्यूयॉर्कने चार धावा कुटल्या, हे तिला आठवलं.

बुधवारी, सहाव्या सामन्यात, रिव्हरमेन एका धावेने पुढे होते. सातवी इनिंग. समालोचक म्हणाला की आज न्यूयॉर्कला ऊन छान पडलंय.

"याला आता काढा," वेरोना भिंतीकडे बघत म्हणाली. "दमलाय तो."

इस्त्रीने बोलावं तसा तो प्रकार होता. पुढचाच चेंडू न्यूयॉर्कच्या बॅटरने मैदानाबाहेर घालवला. बेसवर दोघं उभे होते, म्हणजे मारणाऱ्यासकट तीन धावा गेल्या. सामनाही गेला. तीन-तीन.

मग चौकशी बसली. अँडीने मोज्याची साक्ष काढली, फादर बिल्कोंनी आपण त्या दिवशी अंत्यविधीला गेल्यामुळे आलो नव्हतो हे खेदाने नोंदवलं, पण शेवटी बोट एकीकडेच वळलं.

"मिसेस हुडाक," लिओ दुखऱ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही बोललात."

"बोलले ते खरं निघालं."

"तेच तर."

सातव्या सामन्यासाठी लिओने कागदी पिशवीवर नियम लिहून काढले. इस्त्री तिसऱ्या इनिंगपासून. अंगात शनिवारचा निळा ॲप्रन. फक्त सपाट कपडे, बाह्या नकोत. बोलायचं नाही. वेरोनाने सगळं वाचलं आणि म्हणाली की नियम मान्य आहेत, फक्त टेबल फिरवून ठेवा, म्हणजे तिचं तोंड टीव्हीकडे होईल.

अँडीला आधी कळलंच नाही. "कशाला?"

"मला बघायचंय. चार सामने नुसते ऐकले. डटन काळा की गोरा, लंबू की बुटका, तेही मला ठाऊक नाही."

अँडी वाईट माणूस नव्हता. त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने समजावलं, "बघायला आम्ही आहोत ना."

गुरुवारी दुपारी साडेबाराला वेरोनाने टेबल मांडलं, इस्त्रीचा प्लग लावला, कपड्यांवर पाणी शिंपडून ठेवलं, आणि रविवारचा कोट घालून, टोपी पिनेने बसवून बैठकीच्या दारात उभी राहिली. इस्त्री तापलीय, ती म्हणाली, मी गावात जातेय. कधी येशील असं अँडीने विचारलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की तिला क्षणभर कीव आली.

"सामना संपला की," ती म्हणाली आणि दुरुस्त केलेल्या पायऱ्या उतरून गेली.

बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या काचेत पाच टीव्ही लावले होते आणि समोर फूटपाथवर शे-दीडशे माणसं उभी होती. बँकेतले कारकून, ट्रामचे कंडक्टर, दोन नन. वेरोना कोपराने वाट काढत पुढे गेली आणि एका पोस्टमनशेजारी जाऊन ठाकली. त्याच्या खांद्यावर टपालाची पिशवी गच्च भरलेली होती. काचेमागून आवाज येत नव्हता, पण आवाज तिने पुरेसा ऐकला होता. आता ती फक्त बघत होती. आठव्या इनिंगला, आदल्याच दिवशी दमलेल्या डटनला पुन्हा पाठवलं. तिने मनात ताडमाड, राकट गडी उभा केला होता. निघाला तो पोट सुटलेला, त्यांच्या पाववाल्यासारखा. प्रत्येक चेंडूआधी तो पट्टा वर ओढायचा. तिला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

शेवटची इनिंग, न्यूयॉर्कची पाळी. रिव्हरमेन तीन-दोनने पुढे. न्यूयॉर्कचे दोन गडी बाद, तिसरा बाद की खेळ संपला, आणि एक बेसवर. डटनने पट्टा एकदा ओढला, दोनदा ओढला, मग घाम पुसला.

"आता काढायला हवं याला," वेरोना म्हणाली.

पोस्टमनने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "हवं. पण आमचा मॅनेजर टपालासारखा आहे बाई. पोचतो, पण उशिरा."

चेंडू सुटला, बॅट फिरली, आणि तो पांढरा ठिपका उजवीकडे वर वर जात राहिला. तिथे ग्रिम नावाचा म्हातारा गडी होता, ज्याच्या गुडघ्यांची कीव गल्लीतली पोरंसुद्धा करत. तो वळला आणि कुंपणाकडे लंगडत धावला. चेंडूकडे बघतही नव्हता. कुंपणाशी आल्यावर त्याने हात नुसता वर केला, भिंतीवर आदळला आणि खाली कोसळला. पाचही पडद्यांवर तो पाच वेळा पडून राहिला होता. मग त्याने हातमोजा उचलून दाखवला. चेंडू त्यात होता.

फूटपाथवर जे झालं ते वेरोनाला नीट आठवत नाही. तिची टोपी गेली. पोस्टमनची बाही तिच्या मुठीत होती आणि घसा बसला होता, म्हणजे ती ओरडली असणार. ट्राम जागच्या जागी थांबल्या होत्या, कारखान्याचे भोंगे वाजत होते, फादर बिल्कोंच्या चर्चची घंटा कुणीतरी वेड्यासारखी बडवत होतं. ती चालत घरी आली.

घरात जळका वास भरला होता. अँडी निळा ॲप्रन बांधून टेबलाशी उभा होता आणि त्याच्यापुढे फादरनी सकाळीच पुन्हा पाठवलेलं वेदीचं सगळ्यात चांगलं वस्त्र पसरलेलं होतं. मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. लिओ बादलीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. हळूहळू उलगडा झाला. चौथ्या इनिंगला रिव्हरमेन दोन धावांनी मागे पडले तेव्हा अँडीने नाइलाजाने इस्त्री उचलली. लगेच एक धाव झाली. मग लिओनेही टीव्हीकडे पाठ फिरवली आणि दुसरी झाली. त्यानंतर मागे वळून बघायची कुणाची छाती होईना. शेवटच्या चेंडूला समालोचक "मागे, मागे, आणखी मागे" असं किंचाळत असतानाच वस्त्राने धूर धरला, आणि आरडाओरड्यात पुढचं ऐकायचंच राहिलं. भोंगे वाजले तेव्हा कळलं की आपण जिंकलो.

"आम्ही जिंकवलं," लिओ म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. मग त्याने विचारलं, "तुम्ही पाहिलंत, मिसेस हुडाक?"

वेरोना उत्तर देणार एवढ्यात तिची नजर खिडकीकडे गेली. युराय काकांची खुर्चीसुद्धा भिंतीकडे वळवलेली होती. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना यांनी दोन तास वॉलपेपर दाखवला होता. काका शांतपणे बसले होते. निकाल अजून त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलाच नव्हता.

तिने खुर्ची धरून फिरवली. "जिंकलो, काका," असं ओठ नीट हलवून सांगितलं. म्हाताऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग बंद झालेल्या पडद्याकडे, आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "कसं?"

मग वेरोनाने कोट तसाच अंगात ठेवून बैठकीच्या मधोमध उभं राहून पोट पुढे काढलं, पट्टा ओढला, घाम पुसला आणि चेंडू टाकला. नंतर ती ग्रिम झाली. सोफ्याला वळसा घालून, लंगडत, मागे न बघता कपाटापर्यंत धावली, कपाटावर आदळली, खाली बसली आणि डावा हात वर केला. वरच्या बशा खणखणल्या. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ते पुसतही नव्हते.

"ग्रिम डावखुरा आहे," लिओ म्हणाला. "हातमोजा उजव्या हातात हवा."

"तू पाहिलंस?" वेरोनाने जमिनीवरूनच विचारलं.

लिओ टोपलीतला एक टॉवेल घेऊन घडी करायला लागला. अँडीने इस्त्रीचा प्लग काढला, बायकोला हात देऊन उठवलं आणि तिचा हात काही वेळ सोडलाच नाही.

"पुन्हा दाखव," तो म्हणाला. "आणि डटनपाशी जरा सावकाश."